बालाजीरावांच्या अंगावरचे यंत्र

बालाजीराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात निरीक्षक होते, आणि चालणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. तांबरमच्या पुढे, रुळांच्या कडेने, खडीवरून ते भर उन्हात सिग्नलच्या तारा तपासत जात. छत्री घेत नसत. छत्रीखाली माणसाला वरचे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी त्याच रेल्वेच्या हिशेब खात्यात होतो. पश्चिम तांबरमच्या एकाच इमारतीत आम्ही राहत असू, ते तळमजल्यावर आणि मी त्यांच्या डोक्यावर. मी मिरजेकडचा. ते तंजावरचे, त्यांच्या घराण्याला मराठी मुलूख सोडून इतक्या पिढ्या लोटल्या होत्या की, त्यांचे बोलणे ऐकताना कुणी जुनी पोथी तमिळ सुरात वाचतो आहे, असे वाटे. मला ते 'ऑडिटर' म्हणत. "काय ऑडिटर, आज कुणावर आक्षेप?" हा त्यांचा रोजचा प्रश्न असे, आणि माझ्याजवळ रोज उत्तर असे.

आजचा माझा आक्षेप त्यांच्याविषयी आहे, किंवा त्यांच्यावर जे ओढवले त्याविषयी. तो जिथे नोंदवायचा तिथे नोंदवून झाला. ते यंत्र बनवणाऱ्या प्राध्यापकांनी माझे म्हणणे पंख्याखाली बसून शांतपणे ऐकले आणि चहा मागवला. म्हणून आता ज्यांना ऐकण्याची सक्ती नाही, अशा वाचकांपुढे ही हकिगत मांडतो आहे.

दोन हजार सहा साली बालाजीरावांना ताप आला. तो उतरला, तेव्हा कमरेखालचे सगळे बरोबर घेऊन गेला. मज्जारज्जूला सूज आली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. वर्षभराने पायांत थोडी धुगधुगी परतली. मांडीचा स्नायू आवळता येई, पण उभे राहण्याइतका जोर त्यात नव्हता. आणि आधाराशिवाय बसवले, तर कमर एका बाजूला कलंडे. ऊन-पाऊस न मानणारा हा माणूस खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून राही. आपण असेच राहणार, हे त्यांनी सोसले असते. पण अंघोळीच्या पाटावर ठेवताना पत्नीचा, महालक्ष्मीबाईंचा, हात निसटेल, ही धास्ती त्यांना रोज सकाळी नव्याने वाटे. मोठ्या माणसाला पडण्याचे भय काय असते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम पाहिले. लहान मूल पडल्यावर रडते. मोठा माणूस पडण्याआधीच सबंध पडून घेतो.

अशा वेळी मकरंद आला. तो नाशिकचा, तांबरमजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधन करणारा, हुशार, नम्र आणि कशालाही न भिणारा. हा शेवटचा गुण मला तेव्हा गुण वाटला होता. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी अंगावर चढवायचे एक यंत्र तयार केले होते. दोन्ही पायांच्या बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कमरेला रुंद पट्टा, पाठीवर बॅटरी, आणि कमरेच्या व गुडघ्याच्या सांध्यांवर मोटारी. मांड्यांच्या कातडीवर गोल चकत्या चिकटवायच्या. स्नायू किंचित आवळला, की चकत्यांना ते कळे, आणि मोटार त्याच दिशेने उरलेला जोर लावी.

"काका, तुम्ही फक्त मनात आणायचं," मकरंद म्हणाला. "बाकीचं ते करेल."

"आणि मनात नाही आणलं तर?"

"तर काहीच होणार नाही."

बालाजीराव प्रयोगशाळेत उभे राहिले, तेव्हा महालक्ष्मीबाई रडल्या आणि प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाचे ते तोंड नव्हते. पाठीमागून कुणी अनोळखी माणसाने काखेत हात घालून उचलले, तर जसे होईल, तसे ते होते. परतताना रिक्षात ते माझ्या कानाशी म्हणाले, "ऑडिटर, ते माझ्या आधी उठतं."

"म्हणजे?"

"मी उठावं असं म्हणायच्या आधी. माझं म्हणणं त्याला माझ्याहून बेगी कळतं. आत दुसरा कोण तरी बसला आहे रे."

मी त्यांना धीर दिला. दुसरे काय देणार?

पुढे सवय झाली, असे सगळे म्हणू लागले. यंत्र आठवड्यातून दोनदा घरी येई आणि बालाजीराव खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. पण यंत्र उतरवल्यावर त्यांचा सदरा पिळून काढण्यासारखा भिजलेला असे, आणि तो घाम श्रमाचा नव्हता.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, हरिप्रियेचे, लग्न ठरले. मुलगा गिरीधर, त्यांच्यातलाच, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. या तंजावरकडच्या घरांनी तमिळ ब्राह्मणांचा एक विधी आपलासा केला आहे. वधूपिता साळीच्या पोत्यावर बसतो, कन्येला मांडीवर घेतो, आणि ती मांडीवर असतानाच वर तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधतो. बापाच्या मांडीवरून मुलगी थेट सासरची होते. आमच्याकडे असे काही नाही, म्हणून मला ते ऐकूनच भरून आले. बालाजीरावांना मात्र कापरे भरले.

थोरले बंधू माधवराव मैलापुरातून आले. उपरण्याने वारा घेत म्हणाले, "बाला, तू का कष्टी होतोस? मी आहे की. पोरीला माझ्या मांडीवर बसवू."

"तिचा बाप आहे ना अजून."

"बाप आहे, मांडी कुठे आहे? तुझ्या मांडीवर बसवायचं म्हणजे इंजिनावर बसवायचं. कोळसा कोण घालणार, तुझा तो नाशिकवाला?"

महालक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, कॉफी निवते आहे. तोंड तिकडे लावा."

माधवराव हसले. बालाजीराव हसले नाहीत. दादाने मुलगी मांडीवर घेतली, तर लोकांना आपण वारल्यासारखेच वाटेल, असे ते मला नंतर म्हणाले. "जिवंत बाप बाजूला खुर्चीत, आणि मुलगी दुसऱ्याच्या मांडीवर. ऑडिटर, ते मला होणार नाही." यंत्राशिवाय ते पोत्यावर सरळ बसू शकत नव्हते. यंत्राने कमर सावरली, तर बसू शकत होते. म्हणजे प्रश्न एवढाच होता: ज्याची त्यांना भीती वाटत होती, त्याच्याच भरवशावर त्यांनी आपली मुलगी ठेवायची की नाही.

त्यांनी ठेवायचे ठरवले. गुरुजींनी चामड्याचे पट्टे चालणार नाहीत म्हणून सांगितले, तेव्हा महालक्ष्मीबाईंनी जाड सुती नाड्या शिवल्या. यंत्रावरून रेशमी धोतर कसे नेसवायचे, याचाही सराव झाला. मग एका रविवारी दिवाणखान्यात साळीचे पोते मांडले. बालाजीराव बसले. हरिप्रिया, नव्या नोकरीतली, जीन्स घातलेली, इंग्रजी-तमिळच अधिक बोलणारी मुलगी, ओढणी डोक्यावर घेऊन थट्टेने म्हणाली, "अप्पा, मी वजन कमी केलेलं नाही. आधीच सांगते."

ती बसली. मी समोरच होतो. बालाजीरावांच्या मांड्यांवर वजन आले, आणि ते पेलवेल का, या भयाने त्यांचे सगळे अंग आवळले. यंत्राला तेवढेच हवे होते. गूं असा बारीक आवाज झाला आणि बालाजीराव मुलीसह उठू लागले. त्यांचे तोंड उघडे होते, हात हवेत काहीतरी शोधत होते. हरिप्रिया घसरून फरशीवर पडली, आणि तिची काचेची बांगडी फुटली. बालाजीराव पूर्ण उभे राहिले, आणि आपल्या पायांशी पडलेल्या मुलीकडे बघत तसेच उभे राहिले. त्यांना बसता येईना.

महालक्ष्मीबाईंनी फुटक्या बांगडीचे तुकडे पदराखाली झाकले. मकरंदने धावत जाऊन यंत्र बंद केले आणि शांतपणे कारण सांगितले. "काका, तुम्ही घाबरलात ना, म्हणून स्नायू आवळले. त्याला वाटलं, तुम्हाला उठायचंय. भीती आणि इच्छा त्याला वेगळ्या कळत नाहीत."

"मग न भिणारा माणूस आण आणि त्याला घाल," बालाजीराव म्हणाले.

मकरंदने उपाय शोधला. हुशार होता, हे मी नाकारत नाही. यंत्राला एक कळ होती. ती दाबली, की सगळे सांधे आहेत त्या स्थितीत आवळून बसत आणि काही केल्या हलत नसत. पण सांधे आधीच आवळले, तर बालाजीरावांना कन्यादानाचे पाणी सोडायला पुढे वाकता आले नसते. म्हणून असे ठरले: पाणी सोडून होईल, हरिप्रिया मांडीवर बसेल, आणि बालाजीराव नीट बसले की हाक देतील. मागे वायरीची कळ हातात धरून मकरंद उभा असेल. हाक ऐकताच तो कळ दाबेल. हाकेचा शब्दही बालाजीरावांनीच निवडला: "पोदुम." तमिळमध्ये 'पुरे', पानावर वाढणाऱ्याला म्हणतात तो. पुन्हा सराव झाला. हरिप्रिया बसली, "पोदुम," आणि यंत्र दगडासारखे आवळले. पुन्हा बसली, "पोदुम," पुन्हा दगड. माधवरावसुद्धा म्हणाले, "सरी, चालेल."

मी हिशेब तपासणारा माणूस. त्या सरावात काय चुकते आहे, ते मला दिसले नाही, कारण मी त्यांच्यातले एकही लग्न पाहिलेले नव्हते. मकरंदनेही पाहिलेले नव्हते. ज्यांनी शेकडो पाहिली होती, ते सगळे त्या खोलीत होते. त्यांना ती गोष्ट इतकी ठाऊक होती की, ती सांगावी लागते, हेच कुणाच्या मनात आले नाही.

लग्नापूर्वीचे दिवस बालाजीरावांनी कसे काढले, ते मी पाहिले आहे. ते जेवत नसत. बोलता बोलता मध्येच हात मांडीवर ठेवीत आणि स्नायू सैल आहे का, ते चाचपत. जसा एखादा दारात बांधलेल्या कुत्र्याची साखळी पुन्हा पुन्हा ओढून बघतो. मी एकदा म्हणालो, "बालाजीराव, अजूनही नको म्हणा." ते म्हणाले, "म्हणेन. मग लोक विचारतील, भ्यालास काय? मी म्हणेन, होय. आणि हरिप्रिया ते ऐकेल."

लग्न तांबरममधल्याच एका मंडपात झाले. सकाळची वेळ होती, पंखे फिरत होते, तरी होमाचा धूर डोळ्यांत जात होता. बालाजीराव मांडवात चालत आले. वराकडच्या बायका कुजबुजल्या. कुणीतरी तोंडावर हात ठेवला. प्राध्यापक पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन बसले होते. रेशमी धोतराखालून मोटारींचा आवाज येत होता, पण सनईहून दुप्पट लांब अशा त्या नागस्वराच्या सुरात तो कुणाला कळला नाही. बालाजीराव पोत्यावर बसले. मकरंद त्यांच्या मागे कळ घेऊन उभा राहिला. मी बाजूला, होमाच्या अंगाला.

पाणी सोडून झाले. बालाजीराव वाकले, पुन्हा सरळ झाले, सगळे सुरळीत. हरिप्रिया नऊवारीत, फुलांनी वाकलेली, मांडीवर बसली. तिने थट्टा केली नाही. मी बालाजीरावांचे ओठ पाहत होतो. ते श्वास घेत होते, मांडी सैल होण्याची वाट पाहत होते. अजून एक श्वास, आणि मग हाक.

पण मुहूर्त टळत होता. गुरुजींनी हात वर करून तर्जनी जोराने हलवली आणि ते ओरडले, "गेट्टिमेळम! गेट्टिमेळम!"

ती गोष्ट ही होती. मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी या लोकांत सगळी वाद्ये एकदम, शक्य तितक्या जोराने वाजवतात. नागस्वरे आणि ढोलासारखे ते तविल, सगळे एकदम. हेतू असा की, त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचे रडणे, कुणाचा अभद्र शब्द वधूवरांच्या कानांवर पडू नये. एकही अशुभ आवाज ऐकू जाऊ नये, यासाठीच तो गजर असतो, आणि शतकानुशतके तो आपले काम चोख करत आला आहे.

बालाजीराव ओरडले. मी त्यांचे तोंड उघडलेले पाहिले. शब्द मला ऐकू आला नाही, आणि मी चार हातांवर होतो. मकरंद मागे होता. अक्षता टाकायला लोटलेल्या नातेवाइकांनी तो पार मागे ढकलला गेला होता. त्याला फक्त माणसांच्या पाठी दिसत असतील. मी हात हलवले, ओरडलो. बाजूच्या बाईने मलाही अक्षता दिल्या.

धोतर हलू लागले. आधी गुडघ्यांशी, मग वर. हरिप्रिया काही बोटे उचलली गेली, आणि तिने समोरच्या होमाकडे पाहिले. ज्वाला तिच्या पदरापासून फार दूर नव्हती. गिरीधर पुढे वाकून गाठ मारत होता. त्याला वाटले असावे, ती लाजून हलते आहे. ती हलत नव्हती. तिने दोन्ही हात मागे नेऊन बापाचे मनगट पकडले.

तेव्हा बालाजीरावांनी जे केले, ते मला त्यांनी पुढे सांगितले म्हणून कळले; तेव्हा मला फक्त त्यांचे डोळे मिटलेले दिसले. त्यांना उमगले की, ओरडण्याने, रोखण्याने, मुलीला धरून ठेवण्याने प्रत्येक वेळी स्नायू आवळतो आणि ते अधिक उठते. त्यांच्या आत जे जे मुलीला वाचवू पाहत होते, तेच तिला आगीकडे ढकलत होते. उपाय एकच होता. ते पुन्हा त्या तापाच्या दिवसांत गेले. "पाय नाहीत," असे त्यांनी स्वतःला सांगितले. "कधी नव्हते. मी खाटेवर आहे, कमरेखाली काही नाही." दीड वर्ष ज्या पायांना त्यांनी जागे करण्याचा प्रयत्न केला होता, त्यांना त्यांनी त्या गजरात मारून टाकले. हातसुद्धा सोडले. मुलीच्या पाठीवर कपाळ टेकवले आणि प्रेतासारखे सैल झाले.

यंत्र थांबले. क्षणभर तिथेच तरंगत राहिले. मग त्याला उठायचे कारण उरले नाही, आणि ते हळूहळू खाली आले.

तिसरी, शेवटची गाठ बसली. वाद्ये एकदम थांबली, आणि त्या शांततेत वराची आत्या समाधानाने म्हणाली, "एक शब्द कानावर पडला नाही. फार उत्तम."

हरिप्रिया उठली. तिच्या पाठीवर, फुलांच्या वेणीखाली, बापाच्या कपाळाच्या घामाचा ओला डाग होता. मकरंद गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही हाक दिलीच नाहीत! पण बघा, गरजच पडली नाही." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. मी त्या मुलाला तिथे, त्याच्या आनंदासह, होमात घालू शकलो असतो.

"काढ," बालाजीराव म्हणाले.

"इथे? लोक आहेत, काका. चालत खाली जाऊ, मग..."

"इथेच काढ. अस्की, सगळं काढ."

ते कुणाचे ऐकेनात. महालक्ष्मीबाईंनी आणि मी नाड्या सोडल्या. ज्या खुर्चीतून लोकांपुढे यायचे नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्याच खुर्चीत त्यांना बसवून, वराकडच्या साऱ्या माणसांपुढून, माधवरावांनी आणि मी जेवणघरात नेले. माधवराव वाटेत काहीच बोलले नाहीत. एवढे मात्र त्यांच्या खात्यावर जमा करायला हवे.

प्राध्यापकांनी चहाबरोबर मला सांगितले, की यंत्राने अपेक्षेप्रमाणे काम केले. रुग्णाने पुढील चाचण्यांस सहकार्य केले नाही, एवढाच दोष. यंत्राने अपेक्षेप्रमाणेच काम केले, हीच तर माझी तक्रार आहे.

बालाजीराव आता चालत नाहीत. जी थोडी धुगधुगी होती तीही ओसरली, असे डॉक्टर म्हणतात. व्यायाम शिकवणारी बाई "मांडी आवळा" म्हणते, तेव्हा ते तिच्याकडे असे पाहतात, जणू तिने झोपलेल्या कुणाला उठवायला सांगितले आहे.

हरिप्रियेची पहिली दिवाळी माहेरी झाली. पहाटेची अंघोळ आटोपून, नवी साडी नेसून, ती आणि गिरीधर नमस्काराला आले. मी फराळाला खाली गेलो होतो. ती वाकण्यासाठी पुढे झाली, तसे बालाजीरावांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले.

"थांब, पोरी," ते म्हणाले. मग पत्नीकडे वळून, खालच्या आवाजात, "गुडघे धर गं माझे. घट्ट."

महालक्ष्मीबाई खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी ते निर्जीव गुडघे खुर्चीला दाबून धरले, आणि मग मुलीला मान हलवून सांगितले, की आता ये.